वाकणारे इंजिन आणि माथेरानची चढण

विरारहून चर्चगेटला निघालेल्या लोकलचा डबा साधारण वीस मीटर लांब असतो. तो पोलादाचा, एकदम ताठ. कुठेही वाकत नाही, मुडपत नाही. तरीही रूळ वळले की हा ताठ डबा निमूटपणे वळतो. घरातल्या एखाद्या चौकस मुलाने किंवा मुलीने अब्बांना विचारले की, "एवढा लांब डबा वळतो कसा?" तर उत्तर फार सोपे आहे. डबा रुळांवर थेट उभाच नसतो. त्याच्या दोन टोकांखाली चार-चार चाकांचे दोन लहान गाडे असतात. त्यांना बोगी म्हणतात. बोगी डब्याखाली आपल्या जागी फिरू शकते. वळणावर पुढची बोगी आधी वळते, मागची नंतर, आणि वरचा डबा त्यांच्या मागोमाग जातो. गाडी ओढणाऱ्या विजेच्या मोटारी या बोगीतच बसवलेल्या असतात, त्यामुळे ताकद आणि वळण यांचे भांडण होत नाही.

आपल्या वसई-विरारच्या लोकांना हे रोजचे आहे. पण १२ एप्रिल १८६७ला विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुटली, तेव्हा तिच्या पुढे वाफेचे इंजिन होते आणि वाफेच्या इंजिनाला ही सोय नव्हती. सपाट किनाऱ्यावर ते खपून गेले. डोंगरात आणि जंगलात मात्र त्याच एका अडचणीवर साठ-सत्तर वर्षे जगभरच्या कारागिरांनी डोके खाजवले. त्या खटपटीतून निघालेली एक युक्ती आपल्या शेजारी, नेरळ ते माथेरानच्या डोंगरावर उतरली. ती तिथे आणण्यामागे मुंबईतल्या एका मुसलमान बाप-लेकाची जिद्द आणि पैसा होता. या लेखात त्या युक्तीची आणि त्या बाप-लेकाची हकीकत सांगायची आहे.

ताठ इंजिनाची अडचण

वाफेच्या इंजिनात बॉयलरमध्ये पाणी उकळते, वाफ सिलिंडरमध्ये जाते, तिथला दट्ट्या पुढे-मागे होतो, आणि लोखंडी दांड्यांमार्फत चाके फिरतात. सगळी ओढणारी चाके एकमेकांना आडव्या दांड्याने जोडलेली असतात. ती एका ताठ चौकटीत एकमेकांशी अगदी समांतर बसवावी लागतात. एकाचा जरी कोन बदलला तरी दांडा अडकेल किंवा मोडेल.

सरळ रुळावर यात काही बिघडत नाही. पण वळण अरुंद असेल तर पहिले चाक वळू पाहते आणि शेवटचे चाक त्याला सरळ खेचते. चाकांच्या कडा रुळाला घासतात. रूळ झिजतो, चाक झिजते, आणि शेवटी इंजिन रुळावरून उतरते.

मग चाके कमी करावीत? तसेही चालत नाही. डोंगरातले रूळ हलके असतात. इंजिनाचे सगळे वजन चार चाकांवर टाकले तर रूळ दबतात. वजन वाटायला चाके जास्त हवीत आणि वळायला कमी हवीत. या कात्रीतून सुटायचे तर इंजिनालाच सांधा हवा. माणसाच्या गुडघ्याला असतो तसा.

जंगलांनी मागितलेले इंजिन

ही गरज सर्वांत तीव्र होती लाकूडतोडीच्या जंगलांत. पूर्वी आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या जंगलांतले साग आणि खैर बैलगाडीने, खाडीतल्या होड्यांनी बाहेर येत. अमेरिकेत झाडे इतकी प्रचंड होती की बैलांचे काम नव्हते. तिथे लाकूड कंपन्यांनी जंगलात तात्पुरते रूळ टाकले. रूळ हलके, खालची जमीन धड सपाटही केलेली नाही, वळणे गाडीवाटेसारखी. झाडे तोडून झाली की रूळ उचलून पुढच्या डोंगरात न्यायचे. अशा रुळांवर ताठ इंजिन दिवसाआड घसरायचे.

मिशिगन राज्यातला इफ्रेम शे हा स्वतः लाकडाचा व्यापारी होता. त्याने इंजिनाची रचनाच उलटी केली. सिलिंडर उभे करून बॉयलरच्या एका बाजूला बसवले. त्यांनी फिरणारा एक लांब शाफ्ट चाकांच्या बाजूने नेला आणि दातेरी चाकांनी तो प्रत्येक बोगीला जोडला. त्या शाफ्टमध्ये जागोजागी सांधे ठेवले. टेम्पोच्या खाली असतो आणि ज्याला आपले गॅरेजवाले 'क्रॉस' म्हणतात, त्याच जातीचे हे सांधे. १८८१मध्ये त्याला पेटंट मिळाले. ओहायोतल्या लायमा कारखान्याने अशी २,७००हून अधिक इंजिने बनवली. वेग माणसाच्या पळण्याइतका, पण जंगलातल्या वाकड्यातिकड्या रुळावर ती मुंगीसारखी चालत.

दुसरा मार्ग स्विस वंशाचे आणि फ्रान्समध्ये काम करणारे इंजिनियर अनातोल माले यांनी १८८४च्या पेटंटात मांडला. एकाच बॉयलरखाली चाकांचे दोन संच. मागचा संच पक्का, पुढचा संच बिजागरीवर, दारासारखा डावी-उजवीकडे फिरणारा. त्यातली हुशारी अशी की बॉयलरची जोरदार वाफ आधी मागच्या पक्क्या सिलिंडरांत जाई, आणि तिथे काम करून दाब उतरलेली वाफ पुढच्या फिरत्या सिलिंडरांत. त्यामुळे सांध्यावरच्या नळीला कमी दाब सोसावा लागे आणि गळती कमी होई. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ऑरेगन आणि वॉशिंग्टनच्या जंगलांत अशी इंजिने पुढे अनेक वर्षे ओंडके ओढत होती. याच घराण्यातले सर्वांत प्रसिद्ध नातवंड म्हणजे १९४१पासून बनलेले 'बिग बॉय'. टेंडरसकट वजन पाचशे टनांच्या वर. त्यातले एक २०१९मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा रुळावर धावले.

तिसरा मार्ग इंग्रज इंजिनियर हर्बर्ट गॅरट यांचा, १९०७चा. दोन टोकांना दोन स्वतंत्र गाडे आणि मध्ये पालखीसारखा टांगलेला बॉयलर. दार्जिलिंगच्या छोट्या रुळांसाठी असे एक इंजिन १९११च्या सुमारास आले. नावात नागपूर असलेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तर कोळसा आणि खनिज ओढायला २३० टनांहून जड गॅरट इंजिने घेतली. त्यांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे.

लाकडासाठी खास रेल्वे आपल्या देशातही होती. कोचीन संस्थानाने परंबिकुलमच्या जंगलातून चालकुडीपर्यंत सुमारे ऐंशी किलोमीटरची ट्रामवे बांधली. साग बाहेर काढणे हेच तिचे काम. ती १९०७मध्ये सुरू झाली आणि १९६३पर्यंत चालली. कड्यांवर तिने वेगळीच युक्ती केली. वरून भरलेली वाघीण दोरखंडावर खाली सोडायची आणि तिच्या वजनाने रिकामी वाघीण वर ओढून घ्यायची. सपाट भागात इंजिने होती, आणि ती बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची होती.

हे कंपनीचे नाव आणि १९०७ हे साल लक्षात ठेवा. त्याच कंपनीची इंजिने त्याच साली आपल्या बाजूच्या डोंगरावरही चढू लागली होती. फरक इतकाच की त्यांच्या मागे ओंडके नव्हते, माणसे होती.

डोलीतून जाणारे माथेरान

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचे पठार इंग्रजांच्या नजरेस आणले. आपली वसई तेव्हा त्याच ठाणे जिल्ह्यात होती. (इंजिनवाले माले वेगळे, हे कलेक्टर मॅलेट वेगळे. इंग्रजीत दोन्ही नावे जवळपास सारखीच लिहिली जातात, म्हणून हा खुलासा.) त्याच दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे नेरळपर्यंत पोचली. पण नेरळपासून पुढे सातशे मीटरहून जास्त चढण. श्रीमंत लोक घोड्यावर किंवा डोलीत बसून वर जात. डोली उचलणारे खांदे गरिबांचे असत. ज्याला घोडा किंवा डोली परवडत नसे, तो पायी चढे.

मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांचे माथेरानला नेहमी जाणे-येणे असे. हे घराणे काठियावाडातल्या धोराजीचे, दाऊदी बोहरा. आदमजींनी लहानपणी मुंबईच्या रस्त्यांवर काड्यापेट्या विकून सुरुवात केली असे सांगतात. पुढे लष्कराला तंबू आणि इतर सामान पुरवण्याच्या कंत्राटांत त्यांचा मोठा जम बसला. धारावीत त्यांचा कातडे कमावण्याचा कारखाना होता. १८९७मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले आणि १९०७मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. चर्नी रोडला त्यांच्या नावाचे सॅनिटोरियम होते, बाहेरगावाहून येणाऱ्यांच्या सोयीसाठी.

माथेरानला रेल्वे न्यायची हे त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी मनावर घेतले. १९००मध्ये आराखडा झाला, १९०४मध्ये काम सुरू झाले, १९०७मध्ये गाडी धावली. खर्च आला सोळा लाख रुपये. ही रक्कम वडिलांनी घातली. त्या काळचे सोळा लाख म्हणजे काय हे आज सांगणे अवघड आहे, पण एवढे खरे की इतका पैसा मुंबईत कापसात, गिरणीत किंवा चाळीत घातला असता तर त्याचा परतावा डोळ्यांसमोर होता. डोंगरावरच्या वीस किलोमीटर रुळांचा परतावा कोणालाच ठाऊक नव्हता. तेही पावसाळ्यात चार महिने बंद राहणाऱ्या रुळांचा.

पैसा घालणे आणि काम जाणणाऱ्याला बोलावणे, या दोन्ही गोष्टी या बाप-लेकाने केल्या. सल्लागार इंजिनियर म्हणून त्यांनी एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांना घेतले. कॅलथ्रॉप महाराष्ट्राला नवे नव्हते. कुर्डुवाडी ते बार्शी ही अरुंद रुळांची रेल्वे १८९७मध्ये त्यांनीच उभी केली होती. हलक्या रुळावर जास्त माल न्यायचा तर प्रत्येक आसावर सारखे वजन पडले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याच माणसाने विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट तयार केले.

आसाच्या आत आस

नेरळ-माथेरानचे रूळ एकमेकांपासून फक्त दोन फुटांवर आहेत. सुरुवातीचा रूळ मीटरला पंधरा किलोच्या आसपास वजनाचा होता. आज मोठ्या मार्गांवरचा रूळ मीटरला साठ किलोचा असतो, यावरून तो किती नाजूक होता हे कळेल. चढण काही ठिकाणी वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर अशी. निलगिरीच्या रेल्वेला अशा चढणीसाठी दोन रुळांमध्ये दातेरी पट्टी लावावी लागली. माथेरानला तसे काही नाही. गुळगुळीत चाक गुळगुळीत रुळाला धरून चढते. त्यासाठी इंजिनाचे सगळे वजन ओढणाऱ्या चाकांवरच असले पाहिजे, आणि चाके सगळी एकमेकांना जोडलेली हवीत. आणि वळणे तर घोड्याच्या नालासारखी.

गॅरटची कल्पना अजून कागदावरही आली नव्हती. मालेच्या दोन संचांचे इंजिन एवढ्या छोट्या रुळाला महाग आणि गुंतागुंतीचे. म्हणून वेगळी वाट निवडली गेली. जर्मनीतल्या सॅक्सनी रेल्वेचे क्लीन आणि लिंडनर या दोघांनी शोधलेली पोकळ आसाची युक्ती.

ती समजायला घरातलीच एक गोष्ट घ्या. एक जाड पोकळ बांबू घ्या आणि त्यातून एक काठी आरपार घाला. काठी बांबूपेक्षा बारीक, त्यामुळे आत थोडी मोकळी जागा राहते. आता बांबूच्या मधोमध काठीवर एक गोळा बसवा, ज्याच्यावर बांबू टेकेल. काठीची दोन टोके घट्ट धरून ठेवली तरी बांबू त्या गोळ्याभोवती थोडा डावीकडे-उजवीकडे कलू शकतो. इंजिनात काठी म्हणजे भरीव आस. तो चौकटीत पक्का असतो आणि जोडदांडे त्यालाच लागलेले असतात, म्हणून दांडे नेहमी समांतर राहतात. बांबू म्हणजे पोकळ आस, आणि चाके या पोकळ आसावर बसलेली. मधल्या गोळ्यातून जाणारी खीळ भरीव आसाचे फिरणे पोकळ आसाला देते. म्हणजे चाक फिरते आसाच्या ताकदीने, पण वळते रुळाच्या मर्जीने.

माथेरानच्या इंजिनाला तीन आस आणि सहा चाके. मधला आस साधा, पहिला आणि शेवटचा पोकळ. वळण आले की पुढची चाके वळणाकडे कलतात, मागची चाके उलट बाजूला, आणि मधली जोडी सरळ राहते. ओरेनस्टाइन अँड कोपेलने अशी चार इंजिने १९०५मध्ये बनवली. त्यांचे क्रमांक ७३८ ते ७४१.

हीच पोकळ आसाची युक्ती जर्मन सैन्याच्या छोट्या इंजिनांतही होती. आठ चाकांची ही इंजिने पहिल्या महायुद्धासाठी दोन हजारांहून जास्त बनली. युद्ध संपल्यावर ती विकली गेली आणि युरोपातल्या जंगलांत, साखर कारखान्यांत, शेतांत कामाला लागली. जर्मनीत मुस्काउच्या जंगल रेल्वेत ती अनेक वर्षे लाकूड वाहत होती. म्हणजे माथेरानच्या इंजिनाचे जंगलातल्या लाकूड ओढणाऱ्या इंजिनांशी नाते केवळ उपमेचे नाही. आतला सांधा एकच आहे.

सांध्याला एक किंमतही असते. जिथे लोखंड लोखंडावर हलते तिथे झीज होते. गोळा झिजला की चाके सैल होतात, वेग वाढवला तर इंजिन डुलू लागते. म्हणून अशा इंजिनाला वेळेवर तेल-वंगण आणि सतत देखभाल लागते. माथेरानला वेगाचा प्रश्नच नव्हता. ताशी वीस किलोमीटरच्या वर गाडी जातच नसे. पण उतारावर गाडी आवरायला डब्यांच्या मधल्या जागेत ब्रेक फिरवणारी माणसे उभी असत. इंजिनाच्या शिट्टीचा इशारा ऐकून ती हाताने ब्रेक कसत आणि सोडत. प्रवासी खिडकीतून दरी बघत असायचे. त्यांचा जीव त्या वेळी या माणसांच्या मनगटांवर असायचा. इतिहासात त्यांची नावे नाहीत, पण ती माणसे नसती तर एकही गाडी सुखरूप खाली आली नसती.

आज काय उरले आहे

१९५०च्या दशकात डिझेल इंजिने आली आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वाफेची इंजिने निवृत्त झाली. त्यांच्यापैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक समुद्रापार इंग्लंडला गेले. नेरळ स्थानकाबाहेर एक जतन करून ठेवलेले आहे.

रेल्वे मात्र जिवंत आहे, पण दर पावसाळ्यात परीक्षा देत. २६ जुलै २००५च्या महापुरात वसई-विरार पाण्याखाली गेले ते आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. त्याच पावसाने माथेरानचा मार्गही वाहून नेला. तो २००७मध्ये, म्हणजे नेमका शंभराव्या वर्षी, पुन्हा सुरू झाला. २०१६च्या मे महिन्यात थोड्याच दिवसांच्या अंतराने दोनदा डबे घसरले आणि गाडी पुन्हा बंद पडली. २०१९च्या पावसात रुळाखालची जमीन खचली, तेव्हा नेरळपासूनचा पूर्ण प्रवास ऑक्टोबर २०२२पर्यंत बंद होता. मधल्या काळात अमन लॉज ते माथेरान हा शेवटचा छोटा टप्पा मात्र लोकांना आधार देत राहिला.

प्रत्येक वेळी कोणी ना कोणी विचारते की, इतका खर्च कशाला? मोटारीचा रस्ता दस्तुरी नाक्यापर्यंत जातो, मग ही खेळण्यातली गाडी हवी कशाला?

या प्रश्नाचे उत्तर दस्तुरी नाक्याच्या पुढे मिळते. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. २००३मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला. नाक्यापुढे लोक पायी, घोड्यावर, गाडीने किंवा माणसाने ओढलेल्या हातरिक्षात बसून जात आले आहेत. माणसाने माणसाला ओढणे ही प्रथा थांबवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये दिला, त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आणि तिच्या जागी ई-रिक्षांची वाट दाखवली. डोलीच्या खांद्यांचे ओझे लोखंडाच्या आसावर टाकायला निघालेल्या बाप-लेकाचे काम एकशे अठरा वर्षांनीही पूर्ण झालेले नव्हते, असा त्याचा अर्थ. म्हातारी माणसे, लहान मुले, रोज कामाला वर जाणारे स्थानिक लोक, भाजीपाल्याची ओझी, या सगळ्यांसाठी ही गाडी खेळणे नाही.

ही रेल्वे जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला या तिन्ही डोंगरी रेल्वे मुख्य यादीत जाऊन बसल्या. त्या तिन्ही बांधल्या गेल्या सरकारच्या किंवा इंग्रज कंपन्यांच्या बळावर. माथेरानची रेल्वे मात्र एका हिंदुस्तानी घराण्याच्या पैशाने झाली. सर आदमजी १९१३मध्ये अल्लाहला प्यारे झाले. आपण सदका-ए-जारिया म्हणतो ते काम विहिरीपुरते किंवा मशिदीपुरते नसते. रस्ता, पूल, रूळ यांनीही ते साधते. आज त्या गाडीत बसणाऱ्यांपैकी किती जणांना पीरभॉय हे नाव माहीत असते? आपल्या घरातल्या मुलांना तरी माहीत असावे.

मुलांना काय दाखवायचे

वसई पूर्वेला वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांत आपल्यातली कितीतरी मुले लेथवर उभी आहेत. आस, बेअरिंग, सांधे, खीळ हेच त्यांचे रोजचे काम. पुस्तकात 'अभियांत्रिकी' म्हणून वाचलेली गोष्ट त्यांच्या हातात असते. पण आपण जो भाग घासतो आहोत तो शेवटी कुठे बसतो, हे त्यांना कोणी दाखवत नाही. आयटीआयला जाणाऱ्या मुलाला आणि डिप्लोमाची स्वप्ने बघणाऱ्या मुलीला एकदा नेरळला न्यावे. एका चांगल्या सांध्यावर एक आख्खी रेल्वे कशी उभी राहते, हे तिथे डोळ्यांनी दिसते.

जाणे अवघड नाही. वसई रोडहून दिव्याकडे जाणारी मेमू घ्यावी, दिव्याला उतरून कर्जतच्या लोकलने नेरळ गाठावे. मेमू दिवसात मोजक्याच असतात, त्यामुळे वेळ आधी बघावी. ती चुकली तर दादरला गाडी बदलावी. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, तेव्हा दिवाळीनंतरचे दिवस निवडावेत. वर जायला दोन तासांहून जास्त लागतात. शिदोरी आणि पाणी जवळ असू द्यावे. जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप ही मधली स्थानके. वॉटर पाइपला नावाप्रमाणे इंजिने पाणी प्यायची. वळणावर मुलांना खिडकीतून आपल्याच गाडीचे दुसरे टोक दाखवा. पुढे जाणारी गाडी मागे येताना दिसते, हे त्यांना फार आवडते.

आणि गाडी सुटायच्या आधी नेरळ स्थानकाबाहेरच्या जुन्या इंजिनाजवळ दहा मिनिटे थांबा. फोटो सगळे काढतात, तोही काढा. मग वाकून खाली बघा. चाके चौकटीच्या आत दडलेली दिसतील आणि जोडदांडे बाहेर. पहिल्या आणि शेवटच्या आसाची जाडी मधल्यापेक्षा का जास्त असेल, हे मुलांना विचारा. उत्तर लगेच सांगू नका. परतीच्या मेमूत वसई येईपर्यंत त्यांना विचार करू द्या.